आठ रेघांची डिस्क

"गेलं नाही," मी म्हटलं. "तुम्ही फक्त बंद केलं नाही."

"काय बंद केलं नाही?"

"डिस्क."

तो काउंटरवर कोपरं टेकून धापा टाकत उभा होता. नागपूरच्या सदरमधल्या आमच्या स्टुडिओच्या पायऱ्या अकरा. त्याने त्या तीन-चार उड्यांत संपवल्या असाव्यात. हातात हँडीकॅम होता, तळहाताएवढी छोटी डिस्क घेणारा. दोन हजार दहाचा डिसेंबर. तेव्हा तसले कॅमेरे जोरात होते.

"बाबांची एकसष्टी आहे हिच्यात," तो म्हणाला. "टीव्हीच्या प्लेअरमध्ये टाकली तर म्हणतो, डिस्क नाही. कॉम्प्युटर म्हणतो, रिकामी आहे, फॉरमॅट करू का? मी 'हो'वर बोट ठेवलंच होतं…"

"दाबलं?"

"नाही. शेजारी म्हणाले, सदरमध्ये एक मॅडम आहेत, त्यांना विचारल्याशिवाय काही दाबू नको."

मॅडम म्हणजे मी, सुरुची. वय चोवीस. रवींद्रमामांच्या स्टुडिओत लोकांची लग्नं आणि बारशी कॅसेटवरून डिस्कवर उतरवत होते.

"कॅमेऱ्याने चित्र लिहिलंय," मी म्हटलं, "पण खाली सही केली नाही. सही नसली की बाकीच्या मशीनना वाटतं, कागद कोरा आहे. ह्याला फायनलाइज करणं म्हणतात. कॅमेऱ्यातच करायचं. हे बटण. विसरायचं नाही."

पडद्यावर निळी पट्टी सरकू लागली. तीन मिनिटं. तो पट्टी बघत होता आणि मी… मीही पट्टीच बघत होते. मधेमधे. त्याच्या शर्टाच्या खिशात पेन्सिल होती, अगदी टोकदार, आणि कानामागे आणखी एक. ती तो विसरला होता.

मग प्लेअरवर डिस्क लागली. हार घातलेले त्याचे बाबा दिसले आणि तो एवढा मोठा सुस्कारा टाकून हसला, की आतल्या खोलीतून मामांनी डोकं बाहेर काढलं.

"कानामागे पेन्सिल आहे," मी म्हटलं.

"हो का?" त्याने हात लावून पाहिलं. "दोन दिवसांपासून शोधून राहिलो मी हिला."


डिस्क टाका

त्याचं नाव ऋषी. पुलाचा इंजिनीअर. अहेरीच्या पुढे, जंगलात, नदीवर काम चालू होतं. तिथे फोन लागायचा तो फक्त पाण्याच्या टाकीवर चढलं की. शहराच्या टोकाला, बेसाच्या घरी बाबा एकटे. आणि बाबांना फोनवर काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही.

"उजव्या कानाने येतं थोडं," तो म्हणाला. "पण जवळ जाऊन ओरडावं लागतं. टाकीवरून कसं ओरडू?"

म्हणून त्याने ठरवलं होतं, डिस्क पाठवायची. बाबांचं पंधरा मिनिटांचं शूटिंग एसटीच्या पार्सलने तिकडे जाईल, त्याचं शूटिंग त्याच डिस्कवर परत येईल. दर पंधरा दिवसांनी. बाबांचं तसं फर्मानच होतं: एकच डिस्क. डब्यावरच लिहिलंय नं, हजार वेळा लिहिता येते म्हणून! मग नवी काहून घ्यायची?

"तरी दहाचा डबा द्या," तो हळूच म्हणाला. "बाबांना सांगू नका. आणि एक फॉरमॅट करून द्या. क्विक. चारची गाडी आहे."

"क्विक मी करत नाही."

"काहून?"

"क्विक म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडायची आणि पुस्तक कोरं म्हणून द्यायचं. जुनं सगळं खाली तसंच. कधी नव्या चित्रात जुनं अडकतं. मी पूर्ण फॉरमॅट करते. तास लागतो."

"कोऱ्या डिस्कलाही?"

"कोरीलाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. चिडेल असं वाटलं होतं. पण पुलाचा खांब ओतताना कुणी घाई करू दिली नाही, की त्या माणसाकडे बघावं, तसं पाहिलं त्याने.

"मग तासभर मी काय करू?"

"खाली तर्री-पोहे मिळतात."

"दोन प्लेट आणतो."

"मी मागितले नाहीत."

"डिस्कने मागितले," तो म्हणाला आणि उड्या मारत उतरला.

तो येईपर्यंत मी कार्ड भरलं. आमच्याकडे नियम होता: डिस्कच्या मधल्या भोकाभोवती काचेसारखी कडी असते, तिच्यावर बारीक नंबर कोरलेला असतो. तो कार्डावर उतरवायचा. नाहीतर एकाच्या घरी दुसऱ्याचं लग्न लागतं. दुसरा नियम मामांचा: गिऱ्हाइकाचं घर आपल्या मशीनमध्ये ठेवायचं नाही. काम झालं की पुसायचं.

नंबराचे शेवटचे दोन आकडे सत्तेचाळीस.

पोहे खाताना त्याने विचारलं, बाबांचं शूटिंग घरी येऊन कोण करेल? मी म्हटलं, मी बेसालाच राहते. रविवारी दुकान बंद असतं. …हे मी विचार न करता म्हटलं. तर्री तिखट होती.


लिहीत आहे… ४%

पहिला रविवार. बेसातलं दोन खोल्यांचं घर. माझ्या हातात दुकानाचा तसलाच हँडीकॅम. अनंतकाका खुर्चीत, अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात कागद. आयुष्यभर कचेरीत टिपणं लिहिली होती, तसंच एक मुलासाठी लिहून आणलं होतं.

— काका, थोडं डावीकडे. मागचा माठ डोक्यावर बसल्यासारखा दिसतो.

— काय?

— डावीकडे!

— हां. तर चिरंजीव ऋषी यास. मुद्दा एक. तब्येत ठीक. मुद्दा दोन. नळ रोज येते. मुद्दा तीन. शेजारच्या शोभाताई रोज भाजी पाठवते, मीठ जास्त असते, पण सांगता येत नाही.

— (कॅमेरा हलतो.)

— ही पोरगी हसून राहिली. मुद्दा चार…

बाहेर पाठवण्याआधी काकांनी काळ्या मार्करने डिस्कवर एक रेघ मारली. किती वेळा लिहून झालं, त्याचा हिशेब. हात थरथरायचा, रेघ वाकडी आली.

"एक झाली," ते म्हणाले. "नऊशे नव्याण्णव राहिल्या."


लिहीत आहे… २२%

परत आलेली डिस्क आम्ही दुकानातच बघायचो, मोठ्या पडद्यावर, आवाज पूर्ण वर. काकांचा उजवा कान स्पीकरला चिकटलेला.

तो पूल दाखवेल असं मला वाटलं होतं. त्याने आधी माणसं दाखवली. "हे मडावीकाका, यांना पाण्याचा रंग बघून कळतं रात्री नदी किती चढणार. हा विक्की, क्रेन चालवतो आणि क्रेनशी बोलतोही." प्रत्येकाचं नाव, प्रत्येकाची एक हुशारी. शेवटी, जणू आठवलं म्हणून, पाण्यात उभे दोन खांब. "आणि हा पूल. अजून काही करत नाही."

असा माणूस मी पाहिला नव्हता. आमच्याकडे येणारे सगळे जण चित्रात स्वतः कुठे आहेत तेच शोधायचे.

सगळ्यात शेवटी तो कॅमेऱ्याच्या जवळ आला.

— बाबा, कॅमेरा धरणाऱ्यांना सांगा, हात फार स्थिर आहे. फक्त मुद्दा तीनला हलला. मीठ त्यांनाही जास्त लागलं वाटतं.

"काय म्हणते?" काकांनी विचारलं.

"तुम्हाला नमस्कार सांगतो," मी ओरडले.

मग काका घरी गेले. मी डिस्क पुन्हा एकदा पाहिली. मग पूर्ण फॉरमॅटला लावली. खांब, मडावीकाका, मीठ… तासाभरात सगळं कोरं.


जागा शिल्लक आहे. पुढे लिहायचं?

दुसरी रेघ. पुसली.

तिसरी. पुसली. एवढंच आठवतं — त्याने विचारलं होतं, तुमच्या बांगड्या दोन आहेत का? मागच्या वेळी काका बोलायचे थांबले तेव्हा दोनदा वाजल्या.

चौथी. पुसली. मी पुढच्या रविवारी तीन घातल्या होत्या.

पाचवी.

— तीन, असं तो म्हणाला. बाकी काही नाही. फक्त "तीन". आणि कॅमेरा नदीकडे वळवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. पाण्याचा आवाज.

पाचवी पुसताना मी बटणावर बोट ठेवून बसले. कॉम्प्युटर विचारत होता: नक्की? मामा म्हणाले, "काय करून राहिली वं? पुढचं लग्न थांबलं आहे."

त्या वेळी मी एक प्रत करून ठेवू शकले असते. कुणाला कळलं नसतं. पण त्याने त्याचं घर माझ्या हातात दिलं होतं, ते मी बरोबर धरीन म्हणून. मी 'हो' दाबलं.

सहावी. मार्च. घरात कूलर सुरू झाला. त्याच्या घरघरीत आवाज नीट येत नाही, म्हणून शूटिंगपुरता मी तो बंद करायचे. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या गार, ओल्या. आम्ही दोघं घामाघूम.

— मुद्दा पाच. ही पोरगी कूलर बंद करते. मले तसंही ऐकू येत नाही. हे कोणासाठी करते, ते मले समजत नाही.

असं म्हणून काकांनी थेट कॅमेऱ्यात पाहिलं. मी कॅमेरा माठाकडे वळवला.

सातवी.

— बाबा, सांगा त्यांना, कूलर बंद होता तेव्हा मला त्यांचा श्वाससुद्धा ऐकू आला. …नका सांगू. असू द्या.


डिस्क रिकामी आहे

आठव्यांदा डिस्क परत आली, तो एप्रिलचा गुरुवार. काकांना उन्हाचा त्रास झाला होता, ते आले नाहीत. मी एकटीने लावली. पडद्यावर तीन शब्द आले.

डिस्क रिकामी आहे.

पुन्हा लावली. रिकामी. दुसऱ्या मशीनमध्ये लावली. रिकामी.

त्या आठव्या खेपेला मी काय पाठवलं होतं, ते सांगायला हवं. मुद्दे संपल्यावर काका पाणी प्यायला उठले, तेव्हा रिकाम्या खुर्चीकडे कॅमेरा धरून मी म्हटलं होतं, "इथे कोणी नाही आता. पुढच्या वेळी जे बोलायचं ते मला बोला. काकांना सांगा म्हणून नको."

आणि हे त्याचं उत्तर. कोरी डिस्क. माझं पुसलं, आणि वर लिहायला त्याच्याकडे काहीच नव्हतं.

डोळ्यांत पाणी आलं की माणूस कामाचं बघतो. मी पूर्ण फॉरमॅट लावला. पट्टी सरकत राहिली, तासभर. मी दुसरीकडे बघत राहिले.


पूर्ण झाले. १००%

शुक्रवारी सकाळी अकराला दुकानातला फोन वाजला.

"सुरुची… मी टाकीवरून बोलून राहिलो. एकच दांडी आहे रेंजची. पाहिलं का?"

"काय पाहू?" मी म्हटलं. "कोरं?"

"कोरं कसं? अख्खी वीस मिनिटं… ऐक, सोमवारी ऑफिसला पुढच्या साइटचं नाव द्यायचं आहे. अरुणाचलची साइट, तीन वर्षं. नाहीतर नागपूर. डिस्कमध्ये मी तुला विचारलं आहे. तू काही म्हटलं नाहीस तर मी समजेन की… हॅलो? त्या दिवशी लाइट गेली, बॅटरी संपली, घाईत गाडीवर दिली…"

कट.

मी परत लावला. लागला नाही. मेसेज पाठवला, तो 'पाठवत आहे' म्हणून गोल फिरत राहिला.

लाइट गेली. बॅटरी संपली. फायनलाइज राहिलं.

डिसेंबरात मीच त्याला सांगितलं होतं: सही नसली की मशीनना वाटतं, कागद कोरा आहे. तो धापा टाकत आला, पण त्याने 'हो' दाबलं नव्हतं. कुणाला तरी विचारायला आला होता. मी कुणालाच विचारलं नाही. आणि क्विक केलं असतं तर खाली सगळं जिवंत असतं, काढता आलं असतं. पण मी क्विक करत नाही. माझा केवढा तो अभिमान!

डिस्क काढून उजेडात धरली. काय दिसणार होतं? जांभळट, स्वच्छ. माझंच काम; एक डागही नाही.

तेव्हा कडी दिसली. मधल्या भोकाभोवतीची. बारीक नंबर, शेवटी पंचावन्न.

मी कार्ड शोधलं. सत्तेचाळीस.

डिस्क उलटी केली. आठ रेघा. काकांच्या रेघा वाकड्या असायच्या, थरथरत्या. ह्या आठही सरळ होत्या, एका मापाच्या, एकमेकींपासून सारख्या अंतरावर. नकाशात पुलाचे खांब काढतात तशा. काका दर वेळी त्यांच्या शेजारी आपली एक वाकडी रेघ मारत होते, आणि आम्हा दोघांच्या ते लक्षात आलं नव्हतं.

एका डब्यातले नंबर ओळीने येतात; सत्तेचाळीसपासून पंचावन्नपर्यंत बोटांवर मोजलं. आठ वेळा डिस्क गेली, आणि गेलेली एकही परत आलीच नव्हती. दर वेळी त्याने डब्यातली नवी काढली, रेघा मारल्या आणि ती पाठवली. मी भरून पाठवलेल्या आठही त्याच्याकडे होत्या. माठ, मीठ, तीन बांगड्या, रिकामी खुर्ची. त्याने माझा एक श्वासही पुसला नव्हता.

आणि मी त्याचे सगळे पुसले होते. नीट. पूर्ण.

"मामा," मी म्हटलं, "मला दहा मिनिटं स्टुडिओ पाहिजे. आतला. आणि दार लावते."


ही डिस्क एकदाच लिहिता येते

तिपाईवर कॅमेरा ठेवला आणि त्याच्या समोर जाऊन बसले. चार महिन्यांत पहिल्यांदा मी ह्या बाजूला होते. हात कुठे ठेवायचे तेच कळेना.

— मी सुरुची. …हे तुम्हाला माहीत आहे. तुमची डिस्क मी पुसली. फायनलाइज नव्हती, मला कोरी वाटली. मला राग आला म्हणून वाटली. त्यात काय होतं ते मला माहीत नाही. पण कडीवरचा नंबर मी वाचला आहे. रेघा फार सरळ मारता तुम्ही. काकांची नक्कल करायची तर हात थोडा हलवायचा.

— (बांगड्या.)

— ही डिस्क वेगळी आहे. ही पुसता येत नाही. हिच्यावर उत्तरही लिहिता येत नाही. त्यामुळे उत्तर द्यायचं असेल तर…

तिथेच मी उठून कॅमेरा बंद केला. वाक्य अर्धंच ठेवलं. फायनलाइज केली. दोनदा तपासली.

शोभाताईंना फोनवर निरोप दिला होता; संध्याकाळच्या अहेरी गाडीसाठी गणेशपेठ स्टँडवर काका आधीच येऊन उभे होते, डोक्याला ओला रुमाल. ह्या वेळी त्यांचं शूटिंग नाही, हे मी ओरडून सांगितलं. दोन प्रवासी वळून बघू लागले. काकांनी सवयीने खिशातून मार्कर काढला.

"काका, हिच्यावर रेघ नको."

"काहून?"

"ही परत वापरता येत नाही! एकदाच!"

"एकदाच?" त्यांनी डिस्क हातात फिरवली. "मग तर महाग पडते ही."

"हो काका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मार्करला टोपण लावलं.

"पडू दे," ते म्हणाले आणि पार्सल स्वतःच्या हाताने कंडक्टरला दिलं.


वाचत आहे…

शनिवार. रविवार. मेसेज अजून गोल फिरतच होता.

सोमवारी सव्वादहाला मी दुकान उघडलं. पायऱ्यांवर काका बसले होते. "घरी करमून नाही राहिलं," ते म्हणाले. आम्ही कूलर लावला, पाणी भरलं.

मग पायऱ्यांवर उड्या. तीन. चार.

ऋषी अंगावर अख्ख्या रस्त्याची धूळ घेऊन आला होता. कानामागे पेन्सिल. त्याने पाठीवरची पिशवी काउंटरवर उपडी केली. कागदी पाकिटांत आठ छोट्या डिस्क. प्रत्येकीवर तारीख, आणि प्रत्येकीवर शेवटची एक वाकडी रेघ.

काकांनी एक उचलली, दुसरी उचलली. "एवढ्या? मी तर एकच पाठवून राहिलो होतो!"

"हो बाबा."

"ह्या रेघा माझ्या नाहीत."

"नाहीत."

"चांगल्या मारल्या," काका म्हणाले. "सरळ."

मी विचारलं, "नाव दिलं?"

"येताना ऑफिसात जाऊन आलो. नागपूर दिलं."

"मी काही म्हणायच्या आधीच?"

"तू वाक्य अर्धं सोडलंस. उरलेलं मी बसमध्ये पूर्ण केलं. …चुकलं असेल तर सांग."

कूलरचं पाणी टपटपत होतं. मी हात पुढे करून त्याच्या कानामागची पेन्सिल काढली आणि त्याच्या खिशात ठेवली. हात मागे घ्यायला जरा उशीर झाला.

"त्या डिस्कवर काय होतं?" मी विचारलं. "वीस मिनिटं."

तो लाल झाला. मान खाली घालून, शर्टाच्या बटणाशी, तो काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणते हा?" काका पुढे सरकले.

"काही नाही बाबा."

"जोरात बोल गा! एवढा रस्ता तुडवून आला, अन् आता पुटपुटून राहिला!"

ऋषीने डोळे मिटले, श्वास भरला आणि ओरडला —

"मले सुरुची आवडते!"

खाली पोहेवाल्याचा झारा वाजायचा थांबला. आतून मामा बाहेर आले. समोरच्या झेरॉक्सवाल्याने मशीनचं झाकण उघडंच ठेवलं.

"हे मले माहीत आहे," काका म्हणाले. "आठ रेघा मारल्या मी. मले काय सांगतो? तिले विचार."

तो माझ्याकडे वळला. हळू, अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं त्याने विचारलं. मी त्याहूनही हळू उत्तर दिलं.

"काय म्हणाली?" काका.

ऋषी नुसता उभा होता, एकसष्टीची डिस्क लागली तेव्हा हसला होता तसा हसत.

"अरे, काय म्हणाली गा ही?"

मग मीच काउंटरवरून वाकले, काकांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि अख्ख्या सदरला ऐकू जाईल असं ओरडले —

"हो!"